बोंबलांचं ऊन

दिवाळीचे कंदील गॅलऱ्यांतून उतरले की मीरा रोडला बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या इमारतीत वॉचमनच्या खुर्चीमागे माझ्या नावाची एक पिशवी येऊन पडते. वरून प्लास्टिक, आत वर्तमानपत्र, त्याच्या आत हंगामाचे पहिले सुके बोंबील. उत्तनकडच्या तारोडीहून ताई पाठवते. चिठ्ठी नसते, फोन नसतो. बोंबील आले म्हणजे वारं फिरलं, तारोडीला ऊन कडक झालं आणि ताई अजून धडधाकट आहे, एवढं मी समजून घ्यायचं.

या वर्षी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरले तर चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी ओढणी नाकाला लावली. "मॅडम, बुरा मत मानना, पर ये लिफ्ट में मत लाया करो ना. दिनभर स्मेल रहता है." मी "सॉरी" म्हटलं आणि पुढच्या मजल्यावर उतरून जिना चढले. वाईट वाटायचं वय राहिलं नाही. शिवाय वासाचं कारण पुढे करून माणसाला बाहेर काढतात हे मी याहून जवळून पाहिलंय. तेव्हा काढणारा माझा सख्खा बाप होता.

मीरा-भाईंदरविषयी बोलताना लोक फार गोड बोलतात. इथे अख्खा देश नांदतो म्हणतात. खोटं नाही ते. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस पकडली की अर्ध्या तासात कानावरून किती बोली जातात! चढताना गुजराती आणि मारवाडी. मग मागच्या सीटवर कुणीतरी फोनवर जौनपूरशी बोलत असतं. मुर्धे-राईला आगरी बायका टोपल्या घेऊन चढतात आणि कंडक्टरला दटावतात. डोंगरीच्या चढावर बस कण्हायला लागते तेव्हा गळ्यात क्रूस घातलेल्या म्हाताऱ्या मराठीतच एकमेकींची उणीदुणी काढत असतात. दोन्ही बाजूंना मिठागरं, त्यांच्या कडेने तिवरं, मध्येच खाडीचं चमकणारं पाणी. भिंतीवर लावायला चित्र सुरेखच आहे. पण बसमध्ये शेजारी बसणं वेगळं आणि एका ताटात जेवणं वेगळं. या किनाऱ्याने सगळ्यांना जागा दिली, आणि आलेल्या प्रत्येकाने पहिलं काम काय केलं, तर आपल्यानंतर आलेल्याला नाव ठेवलं. आम्हाला पडलेलं नाव 'घाटी'. परभणीकडच्या आमच्या गावाजवळ कुठे घाट नाही, पण समुद्राच्या माणसाला डोंगरापलीकडचं सगळं सारखंच.

आम्ही पेणकरपाड्यात राहायचो. एक खोली, पुढे पत्र्याचं छप्पर, सार्वजनिक नळ. बाबा पाणीखात्यात होते. कुठल्या गल्लीचं पाणी कधी सोडायचं, ते ठरवणारा, व्हॉल्वचं चाक फिरवायचा लोखंडी दांडा त्यांच्या हातात असायचा. ज्याच्या आईला गावात विहिरीच्या काठावर उभं राहून कुणीतरी वरून पाणी ओतायची वाट बघावी लागायची, त्या माणसाच्या हातात पाण्याचा दांडा. बाबांना त्याचा केवढा अभिमान! दांडा घरी आणून कोपऱ्यात उभा करायचे आणि आम्हाला त्याला हात लावू द्यायचे नाहीत. आजोबांनी देव नदीत सोडले, धर्म बदलला, आणि बाबांनी गाव सोडलं. पुन्हा कुणापुढे वाकायचं नाही, या एका वाक्यावर आमचं घर उभं होतं. त्या वाक्याला किती धार आहे हे आम्हाला ताईच्या लग्नापर्यंत कळलं नाही.

ताईचं नाव सुमन. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. भाईंदरला एका डॉक्टरच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. तिथे एकदा तारोडीचा एक खलाशी हाताला फडकं गुंडाळून आला. जाळ्यातून शिंगाळा मासा काढताना त्याचा काटा तळहातात आरपार गेला होता. काटा काढेपर्यंत ताईने त्याचा हात धरून ठेवला. डॉमनिक त्याचं नाव. नंतर जखम भरली तरी तो ड्रेसिंगला येत राहिला, असं ताई हसत सांगायची. तेव्हा ती हसायची.

दोघांनी ठाण्याला जाऊन रजिस्टर लग्न केलं. घरी येऊन ताई पाया पडली तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला नाही. आईकडे बघून म्हणाले, "हिला सांग, मला एकच लेक हाय. ती हितं बसलीय." आणि डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. वाकलेली ताई सरळ झाली. मग चपला घालून गेली. आईने पदर तोंडात कोंबला, पण उठली नाही. आमच्याकडे बाबा जेवत असताना कुणी उठत नसे.

तो कार्तिकाचा सुमार होता. म्हणजे ताईचा संसार आणि बोंबलांचा हंगाम एकाच वेळी सुरू झाला.

दर रविवारी क्लासचं निमित्त करून मी तारोडीला जायचे. आईच मला लावून द्यायची. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या गावाने मला भारून टाकलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. चर्चचा पांढरा दर्शनी भाग, नारळी, उतरत्या कौलांची घरं, आणि घरांपासून समुद्रापर्यंत बांबूंचे मांडवच मांडव. त्यांच्यावर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. वाऱ्यावर हजारो मासे एकदम हलतात आणि उन्हात त्यांच्यातून आरपार उजेड दिसतो. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी आणि थरथर. चांगलं ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर तीनेक दिवसांत तो कडक काडी होतो. ढग आले तर लाल पडतो, किडतो, आणि खताच्या भावाने जातो. त्या गावाचं सगळं पोटपाणी आभाळावर टांगलेलं. म्हणूनच की काय, तिथली माणसं वर बघत बोलतात.

ताईची सासू फिलोमिना. गावात तिला फिलूआय म्हणत. उंच, काटक, गुडघ्यावर कासोट्याचं लुगडं आणि आवाज असा की होडीवरून हाक मारली तर किनारा ऐकेल. तरुणपणीच नवरा समुद्रात गेलेला. एकटीने मासे वाळवून, विकून तिने डॉमनिकला वाढवला होता. तिच्या पूर्वजांनी पोर्तुगिजांच्या काळात कधीतरी धर्म बदलला. पुढे मराठे आले, इंग्रज आले, राज्यं गेली, आणि ही माणसं त्याच जागी तेच मासे वाळवत राहिली. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तो तर आत्ताचा. मला तेव्हा भाबडेपणाने वाटायचं की ही दोन्ही घरं एकमेकांना ओळखतील. जात टाकून पुढे गेलेली माणसं म्हणून तरी. पण धर्म बदलताना माणूस देव टाकतो, उंबरा टाकत नाही. उंबरा पाठीवर बांधून नव्या घरी घेऊन जातो.

फिलूआयने पहिल्याच आठवड्यात बाप्तिस्म्याचा विषय काढला. ताई शांतपणे म्हणाली, "माझ्या आजोबांनी एकदा बदललाय. सारखा सारखा नाही बदलायचा." त्या दिवसापासून ताईला वेगळी ताटली लागली. जर्मनची, कडेला चेपलेली. जेवून झालं की ती बाहेर मोरीजवळ तिची तिनेच धुवायची आणि तिथेच पालथी घालायची. आत न्यायची नाही. मी विचारलं तर फिलूआय म्हणाली, "बाप्तिस्मा न्हाय तवर न्हाय. गावात मला तोंड दावायचं हाय." तिने घाटी हा शब्द वापरला नाही. दुसरा कुठला त्याहून जुना शब्दही वापरला नाही. ताटलीच बोलत होती.

आणि काम. जबडे अडकवताना बोंबलाचे बारीक दात बोटांत शिरतात. बायका पहिल्या हंगामात बोटांना चिंध्या गुंडाळतात, खोबरेल लावतात. फिलूआयने चिंधी दिली नाही. ताईने तिची एक जुनी ओढणी फाडली तर ती काढून घेतली. "हात रापले पायजेत. चिंधीत रापत न्हाय." ताईची बोटं कापल्यासारखी झाली होती, वर खारं पाणी. मी आणलेलं मलम तिने ब्लाउजमध्ये लपवून ठेवलं. आसपासच्या बायका बघायच्या. एखादी डोळ्यांनी हळहळायची, पण फिलूआयच्या अंगणात कुणी काही बोलायचं नाही. आणि डॉमनिक? तो समुद्रावर असायचा. घरी असला की झोपायचा. जागा असला की जाळं विणायचा. त्याने ताईला कधी बोट लावलं नाही आणि आईपुढे कधी तोंड उघडलं नाही. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

आईने एकदा ज्वारीचं पीठ दिलं होतं, ताज्या दळणाचं. "तिकडं नुसता भात खातात. पोरीला भाकरीची सवय हाय." मी पिशवी फिलूआयच्या हातात दिली. तिने ती उघडली, चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि अंगणात कोंबड्यांपुढे ओतली. ताई दोरीजवळ होती. तिने बघितलं आणि पुढची जोडी दोरीवर टाकली. घरी आईने विचारलं, "केली का भाकर?" मी म्हटलं, "केली. पापुद्रा सुटला." आई दिवसभर खुशीत होती.

ताटलीचं मात्र मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, ही एक गोष्ट त्यांना उठवेल. विहिरीच्या काठावर उभी राहणारी त्यांची आई त्यांना आठवेल, दांडा उचलून ते तारोडीला जातील आणि ताईला घेऊन येतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ताटली कशाची, कुठे पालथी घालते, दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बरं झालं." आणि विडी पेटवली. "आमी ज्याच्यातून पळून आलाव, ती त्यात चालत गेली. आपल्या पायानं. आता घासू दे ताटली." मला आठवतंय, ते समाधानाने बोलत नव्हते. पण रागावलेही नव्हते. एखादं गणित बरोबर आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

डिसेंबरात आईला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग सरकारी दवाखाना, मग पुन्हा घरी. ती पिवळी पडत गेली आणि बोलणं कमी होत गेलं. शेवटी शेवटी ती फक्त विचारायची, "सुमी आली का?" बाबा तेव्हा नळावर जाऊन उभे राहायचे.

एका सकाळी आई गेली.

मी धावत कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेले. तारोडीच्या घरी फोन होता, आल्तारच्या खालीच, येशूच्या तसबिरीसमोर तेवणाऱ्या दिव्याजवळ. फिलूआयने उचलला. मी रडत सांगितलं, आई गेली, ताईला लगेच पाठवा, आम्ही ती येईपर्यंत थांबतो. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

आम्ही थांबलो. म्हणजे मी थांबले. विहारातली माणसं जमली, परभणीकडचे दोघे-तिघे मुंबईतून आले. शेजारची जौनपूरची भाभी चुलीजवळ बसून सगळ्यांना चहा देत होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं. डिसेंबरात असं आभाळ क्वचितच येतं, करडं, खाली लोंबलेलं. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन यायचे. प्रत्येक रिक्षा ताईची वाटायची. दुपार कलली तशी माणसं घड्याळं बघू लागली. मी बाबांना म्हटलं, "थोडं थांबू या. ताई येतेय."

बाबा उठले. "कोणाची वाट बघायलाव? आपली सगळी हायेत हितं. चला."

भाभी चुलीजवळून म्हणाली, "भाईसाब, बेटी के लिए तो मिट्टी शाम तक रोकते हैं." बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिरडी उचलली.

ताई आली तेव्हा दिवेलागण झाली होती. धावत आलेली. केस सुटलेले, हातांवर कोपरापर्यंत बोंबलांचा चिकटा वाळलेला. तिला वाटेत कुणीतरी सांगितलंच असणार, कारण तिने आत डोकावलं नाही, काही विचारलं नाही. उंबऱ्यापाशी थांबली. स्मशानातूनच अंघोळ करून आलेले बाबा दारात बसले होते. दोघांत हातभर अंतर होतं.

बाबा म्हणाले, "तिकडं नळावर धू जा. वास यायलाय."

ताई नळावर गेली. नळाला पाणी नव्हतं. आमच्या गल्लीचं पाणी बाबाच सोडायचे, आणि त्या दिवशी ते कामावर गेले नव्हते. ती कोरड्या नळाखाली हात धरून उभी राहिली. भाभीने कळशीतलं पाणी आणून तिच्या हातांवर ओतलं, वरून, थोडं थोडं. हे माझ्या वडिलांनी दारातून बघितलं. आपल्या आईच्या ओंजळीत असंच वरून पाणी पडताना ज्याने लहानपणी बघितलं होतं, त्या माणसाने बघितलं आणि मान फिरवली.

ताई आमच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. भाभीच्या ओट्यावर बसून तिने चहा घेतला. डॉमनिक मागाहून आला, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर ती परत गेली. दुसरीकडे जाणार कुठे?

तिकडे काय घडलं ते मला डॉमनिकनेच सांगितलं, बऱ्याच वर्षांनी, दोन घोट पोटात गेल्यावर. त्या दिवशी सकाळी फिलूआयने फोन ठेवला आणि दारात येऊन आभाळाकडे पाहिलं. आदल्या दोन दिवसांत होड्यांना भरपूर मासळी लागली होती. सगळा मांडव अर्धवट सुकलेल्या बोंबलांनी भरलेला. ढग चढत होते. तिने ताईला हाक मारली, "सुमन, माल उतरव." दिवसभर दोघी माल उतरवत होत्या, ताडपत्र्यांखाली नेत होत्या. फिलूआय काहीही बोलली नाही. शेवटची टोपली आत गेली, तिने पाय धुतले, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "तुजी आय गेली सकाली. फोन आयलेला. जा आता."

पेणकरपाड्याहून परत आल्यावर ताईने तिला एकच प्रश्न विचारला. "सकाळी का नाही सांगितलंत?"

फिलूआय म्हणाली, "मेलेला मानूस पलत न्हाय. मावरं कुजतं." आणि थोड्या वेळाने, जणू समजूत घालावी तशी, "माजा दादला दर्यात गेला, तवा पन मी बोंबील घातलेलं. मग? मी मेली का?"

मला वाटतं, तिला खरंच त्यात क्रूर काही दिसलं नसावं. जे तिच्यावर गुजरलं तेच तिने पुढे दिलं, त्याच मापाने. समुद्राकाठी शोकाला ऊन बघून बसावं लागतं हे ती शिकली होती, आणि सुनेला शिकवत होती. पण हे मी आज लिहितेय, बेव्हर्ली पार्कात, पंख्याखाली बसून. तेव्हा मला तिचा गळा धरावासा वाटला होता.

ताईने गळा धरला नाही. भांडली नाही, घर सोडलं नाही. त्या उत्तरानंतर ती फिलूआयशी बोलायची थांबली. एवढंच. सगळ्यांना वाटलं, महिनाभर चालेल. हंगाम संपला, पावसाळा गेला, दुसरा हंगाम आला. दोघी एकाच दोरीच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोंबील टाकायच्या. एक बोलायची, दुसरी नाही. दोन मुली झाल्या. त्या बोलायला लागल्या तशा निरोप्या झाल्या. "आज्जीला सांग, तांदूळ संपलेत." आज्जी शेजारी बसून ऐकत असायची. चर्चच्या फादरनी दोघींना समोरासमोर बसवून समजावलं. ताईने त्यांना सरबत दिलं आणि मान खाली घालून बसली. वेगळी ताटली फिलूआयने केव्हाच फेकून दिली होती, स्वतःहून. घरातल्या चांगल्या चिनी बशीत सुनेला जेवण वाढायला लागली होती. ताई त्या बशीत जेवायची. बोलायची नाही.

आणि ती फार मोठी झाली. तारोडीत आज तिच्यासारखा माल कुणाचा नाही. ती आभाळाकडे बघून उद्याचं ऊन सांगते, व्यापाऱ्याशी हिंदीत झगडते, टेम्पोवाल्याला गुजरातीत शिव्या देते. गावातल्या बायका अडीअडचणीला तिच्याकडे येतात. माझ्याशी बोलताना सोडलं तर तिची बोली पुरती तारोडीची झालीये, 'हाय-न्हाय' करते. कुणी तिला बाहेरची म्हणत नाही. जे मिळवायला आमच्या घरातल्या पिढ्या पळत आल्या, ते तिने मिळवलं. पण त्यासाठी आतलं काय काय सुकवून दोरीवर टाकलं, ते तिचं तिला ठाऊक.

बाबा गेले तेही बोंबलांच्याच दिवसांत, बऱ्याच वर्षांनी. मी सकाळी ताईला मोबाइलवर फोन केला. म्हटलं, "ताई, बाबा गेले. तू ये. या वेळी मी कुणाला हलू देणार नाही." पलीकडे वारा ऐकू येत होता, दोरीवरच्या माशांची सळसळ ऐकू येत होती. ताई म्हणाली, "आज ऊन चांगलं आहे गं. बोंबील घातलेत. माझ्यासाठी नका थांबू." आवाजात राग नव्हता. उलट माझी काळजी होती, की उगाच ताटकळशील. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबांचा तो दांडा मी भंगारवाल्याला दिला.

या वर्षी पिशवी आली त्याच आठवड्यात डॉमनिकचा फोन आला. "आयचं आता फार दिस न्हाय. एकदा येऊन जा." मी दुपारी पोचले. बसगाड्या बदलल्यात, रस्ता रुंद झालाय, राईपर्यंत टॉवर आलेत. तारोडीतलं घर आता स्लॅबचं आहे. पुढच्या खोलीत, अंगणाकडच्या दाराजवळ फिलूआयची खाट. साखरेने दोन्ही डोळे गेले त्याला दोन-तीन वर्षं झाली. एवढा उंच देह चादरीखाली दिसतसुद्धा नव्हता. अंथरूण मात्र स्वच्छ. नखं कापलेली, केस विंचरलेले, पाठीला एक व्रण नाही. तिचं सगळं ताईच करते. उचलून बसवते, धुते, पुसते, भरवते. एकही शब्द न बोलता.

ताई दारातच बसून बोंबील निवडत होती, मोठे वेगळे, मोडके वेगळे. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. मला कळलं नाही. डॉमनिकने मागच्या दाराशी नेऊन सांगितलं. आयचे डोळे गेल्यापासून ताई तिच्या कानावर पडेल असं कुणाशीच बोलत नाही. आधी निदान मुलींशी बोलताना, फोनवर, आवाज तरी ऐकू जायचा. आता तोही नाही. काही सांगायचं तर अंगणापार जाऊन सांगते. अनवाणी चालते. "आयला कलत न्हाय, ती घरात हाय का न्हाय," तो म्हणाला. "दिवसभर हाका मारते. सुमन, सुमन. ही बाजूला बसलेली असते."

मी आत येऊन खाटेशी बसले. म्हातारीने हवा हुंगली. "कोन आयलंय?"

ताई बोंबील निवडत राहिली.

"कोन हाय गो?"

मला ते सहन झालं नाही. "मी. छाया. सुमनची बहीण."

तिचा हात चादरीवरून चाचपडत आला आणि माझं मनगट धरलं. तळवा लाकडासारखा. "छाया. तू फोन केलेलास. मी उचललेला." एवढ्या वर्षांनी तिने पहिलं वाक्य हे बोलावं! "तिला सांग गो. येक डाव बोल म्हनावं. शिवी दे म्हनावं. मी ऐकन. हितं कोनीच नसतं."

मी ताईकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत तिला काय दिसलं असेल कोण जाणे. ती माझ्याकडे बघून, मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली, "तिला सांग, मी ऐकलं."

म्हातारीचं अंग एकदम ताठ झालं. मान आवाजाच्या दिशेला वळली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"हितंच हायस? हितंच व्हतीस तू?"

ताई उठली. निवडलेल्या बोंबलांची टोपली कमरेवर घेतली आणि आवाज न करता अंगणात गेली. बाहेर स्वच्छ, कोरडं, पांढरं ऊन होतं.

फिलूआय दाराकडे तोंड करून हसत होती. माझं मनगट तिने सोडलं नव्हतं. मग तिचा आवाज खाली आला, कुणी ऐकू नये अशा बेताने.

"सुमन," ती रिकाम्या दाराला म्हणाली, "त्या दिशी पाऊस परलाच न्हाय गो. ढग आयलं, नि तसंच गेलं."